मोठ्या हौद्याची पिकअप

माझ्या बाबांची बँजो पार्टी होती असं सांगितलं, की शहरातली माणसं समजल्यासारखी मान हलवतात आणि थोड्या वेळानं हळूच विचारतात, म्हणजे नेमकं काय. म्हणजे हळदीला, साखरपुड्याला, वरातीला वाजवणारी सात माणसं, आणि त्यांच्या मधोमध कळा दाबून तारा छेडायचा तो बँजो, जो बाबा स्वतः वाजवत. सापगावच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर. पुढच्या पडवीत बँजो, दोन ढोल, ताशा, झांजा, जनरेटर आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, आणि उरलेल्या जागेत आम्ही. घरातली मांजरं ढोलांमागं व्यायची. सरावाच्या दिवशी आय दुपारीच म्हशीचं दूध काढून घ्यायची, कारण ढोल वाजला की म्हैस पान्हा चोरायची. नुसता ताशा वाजला तर मात्र तिची हरकत नसायची, उलट दूध वाढतं असं हिराआत्याचं म्हणणं. हिराआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, आणि ताशावाला आजारी पडला की पदर खोचून ताशा वाजवायची. तिच्याइतका कडक ताशा तालुक्यात कुणी वाजवत नव्हतं, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती, मग ती दिवसभर वाजवायची.

सराव संपला की सातही जणांना कडकडून भूक लागायची. आय चुलीपाशी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि मी त्या फुगल्या की उचलून टोपलीत टाकायची. सोबत वालाची आमटी, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलेली, आणि वर सुकटाची चटणी. ढोलवाला बाळू एकटा नऊ भाकऱ्या खायचा आणि दहावी नको म्हणताना लाजायचा. त्या आमटीचं एक मोठं जर्मनचं पातेलं होतं, काठाला एक पोचा आलेलं. पुढं त्या पातेल्यानं मोटारगाड्यांच्या धंद्यातल्या भल्याभल्यांना घाम फोडला, म्हणून त्याची ओळख करून ठेवते.

पार्टीचं सामान न्यायला भाड्याचा एक टेम्पो होता. तो कधी कुठं बंद पडेल याचा नेम नव्हता. एकदा आटगावच्या पुढं चढावर तो असा रुसला, की आम्ही पोचेपर्यंत नवऱ्याची हळद लागून, अंघोळ होऊन, तो झोपलाही होता. बाबांनी मग दुसऱ्या दिवशी दुपारी पंगतीला बँजो वाजवून शब्द पाळला. पण त्या वर्षी दिवाळीनंतर टेम्पोवाल्यानं वीटभट्टीचं कायमचं काम धरलं आणि सांगून टाकलं की मला आता जमायचं नाय. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. खर्डीच्या बाजूची पहिली सुपारी बाबांनी घेऊन ठेवलेली. मुरबाडकडच्या एका पार्टीनं बाळूला दोनदा बोलावणं धाडलं होतं, आणि बाळू गेला की पाठोपाठ बाकीचेही जाणार, हे ओट्यावरच्या मांजरालाही कळत होतं. बाबा दोन दिवस बँजोला हात न लावता बसले. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आपुन आपली गाडी घ्यायची. पिकअप. मोठ्या हौद्याची."

हौदा म्हणजे पिकअपचा मागचा उघडा भाग, सामान ठेवायचा. तो मोठा हवा, यावर घरात एकमत होतं. बाकी कशावरही नव्हतं.

आता माझा भाचा गाडी घ्यायची म्हटलं की मोबाइलवर चार व्हिडिओ बघतो, दोन गाड्या शेजारी ठेवून आकडे वाचतो आणि ठरवून मोकळा होतो. मी त्याला काही बोलत नाही. पण गाडी पारखायची ती अख्ख्या घरानं, असं मला अजून वाटतं. बाबांना गाडी चालवता येत नव्हती, त्यातलं काही कळतही नव्हतं. त्यांना कळायचा तो आवाज. ते गाडीभोवती फिरत प्रत्येक पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. हिराआत्याकडे नाक होतं. ती हौद्यात चढून वाकायची, पत्र्याला नाक लावायची आणि गाडीचा मागचा जन्म सांगायची. आणि आयकडे पातेलं होतं. ती म्हणायची, "आमटी हिंदकळली तर बँजो बी हिंदकळल. तारा उतरल्या की मग मांडवात गळा काढून रडाल." म्हणून पातेलं काठोकाठ भरायचं, हौद्यात ठेवायचं, गाडीचा फेरा मारायचा, आणि परत आल्यावर आमटी किती बोटं उतरली ते आय पाहणार. माझ्याकडे शाळेची उरलेली वही होती. तिच्यात आवाज, वास आणि आमटी असे तीन रकाने आखून मी गुण लिहायची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि घरातलं लिहिण्याचं सगळं काम माझ्याकडे होतं.

पहिल्यांदा आम्ही शहापूरला नव्या गाड्यांच्या दुकानात गेलो. आम्ही चौघं आणि गाडी चालवून बघायला बाळू, कारण परवाना त्याच्याकडे होता. रिक्षात पातेलं मांडीवर घेऊन आय मधे बसली होती. दुकानातला गळपट्टीवाला पोरगा भला होता. त्यानं इंजिनाची ताकद, हौद्याची लांबी, किती वजन पेलतं, सगळं पाठ म्हणून दाखवलं. तोवर बाबांची टकटक सुरू झालेली.

"काका, कलर नवीन आहे," तो म्हणाला.

"कलर दिसतोय मला. आवाज बघतोय." बाबांनी दार वाजवलं, मग बॉनेट वाजवलं आणि खिन्न झाले. "पत्रा बसका बोलतो रे. लाजतो."

हिराआत्या हौद्यात चढली होती ती खाली यायला तयार नव्हती. तिला कसलाच वास येत नव्हता आणि म्हणून तिला संशय आला होता. "काय लपवलंय?" ती विचारत होती. त्या पोरानं मग पातेल्याकडे पाहिलं. "काकी, हे काय आणलंय?"

"आमटी."

"नाही, चहा-बिस्किटाची सोय आहे आमच्याकडे."

"तुमाला नाय आणली. गाडीला आणलीय."

मालकानं आतून काचेतून पाहिलं आणि आमटीसकट फेरा मारायला साफ नकार दिला. नवी गाडी अशी त्या दिवशी बाद झाली. वहीत मी आमटीच्या रकान्यात 'परवानगी नाही' असं लिहिलं.

मग जुन्या गाड्या. सापगावची एक, वासिंदजवळची एक, किन्हवलीची एक. एकीत हिराआत्या वाकली आणि म्हणाली, "कोंबड्या." मालक म्हणाला, कधीच नाही, मी भाजी वाहतो. आत्यानं फळीच्या फटीतून एक पीस काढून त्याच्या हातात ठेवलं. दुसरीचा आवाज बाबांना इतका आवडला, की ते मडगार्डावर अर्धा तास ठेका वाजवत राहिले, पण तिच्यात आमटी चार बोटं उतरली आणि बाळूची पाठ धरली. तिसरी चालूच झाली नाही. मालकाचं म्हणणं, ती थंडीत अशीच करते. दुपारचं ऊन पायाला चटके देत होतं.

एवढ्या सगळ्या फेऱ्यांत मी बाळूच्या शेजारी बसायची आणि गप्प राहायची. ते गप्प राहणं मला जड जात होतं. कारण एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. मागच्या वर्षी मी शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते ना, त्या क्लासच्या जिन्यापर्यंत मी पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी खाली मोटार ड्रायव्हिंग स्कूलची पाटी दिसली, आणि मी जिना चढलेच नाही. तीन महिने मी गाडी शिकले. परीक्षा दिली, परवानाही मिळवला आणि धान्याच्या कणगीमागं पिशवीत दडवला. त्यानंतरही शिकवणारे मास्तर अधूनमधून त्यांची जुनी जीप हाताखाली द्यायचे. असं का केलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही. स्टिअरिंग हातात आलं की खाली उतरावंसं वाटायचं नाही, एवढंच. घरी मात्र आय विचारायची, "काय शिकलीस गो आज?" आणि मी म्हणायची, "फाइल उघडायला." तीन महिने मी फक्त फाइल उघडत होते.

मुरबाडला जुन्या गाड्यांचा एक एजंट होता, भास्करशेठ. आम्ही एसटीनं गेलो आणि बाळू त्याच्या मोटारसायकलवर. त्याच्या आवारात आम्हाला पांढरी पिकअप दिसली. बाबांनी पहिलं पेर मारलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "खणखणीत," ते म्हणाले. आत्यानं वास घेतला आणि तिचे तर डोळेच ओले झाले, कारण गाडीला नव्या भाताचा वास होता. आमटीचा प्रश्न उरला. भास्करशेठ दांडग्या आत्मविश्वासाचा माणूस. बाबांना म्हणाला, "मास्तर, घरी न्या. सगळं सामान चढवा, वहिनीच्या मनासारखं करा. संध्याकाळपर्यंत आणून द्या. बाळूची मोटारसायकल तेवढी इथं राहू द्या."

आम्ही गाडी घरी आणली. जनरेटर, स्पीकर, ढोल, ताशा, सगळं चढलं आणि तरी हौद्यात चौघं बसतील एवढी जागा उरली. बाबा त्या जागेत उगाच येरझाऱ्या घालत होते. आयनं चुलीवरून नुकतीच उतरवलेली आमटी काठोकाठ भरून पातेलं मधोमध ठेवलं, झाकण न लावता. आय आणि आत्या मागं पातेल्याच्या दोन बाजूंना, बाबा स्पीकरला टेकून बँजो मांडीवर घेऊन, पुढं बाळू आणि वही घेऊन मी. अशी आमची वरात किन्हवलीच्या रस्त्याला लागली.

एका गावाच्या वेशीपाशी शंभरेक माणसं रस्ता अडवून उभी होती. फेटे, नऊवाऱ्या, फुलांनी मढवलेली जीप, जीपमधे घामाघूम नवरा. गाडी थांबताच एक मिशाळ गृहस्थ हौद्यापाशी आले आणि बाबांना म्हणाले, "किती टाइम लावलात. नवरा वितळायला आला. चला, वाजवा."

"आमी ते नाय," बाबा म्हणाले.

"बँजो हाय ना?"

"हाय."

"मग ते तुमीच."

पुढ्यात शंभर माणसं, मांडीवर बँजो. बाबांच्या जागी कुणीही दुसरं काही केलं असतं असं मला वाटत नाही. जनरेटर सुरू झाला. बाळूनं गाडीतून उडी मारली, ढोल गळ्यात अडकवला आणि पुढं जाऊन उभा राहिला. ताशावाला नव्हताच, तेव्हा हिराआत्यानं पदर खोचला आणि ताशा घेऊन खाली उतरली. पहिला ठेका पडला आणि पोरं रुमाल फिरवत नाचायला लागली.

जीप हलली. मिरवणूक हलली. गाडी जागेवरच. स्पीकर गाडीत, त्यामुळं ढोल-ताशा पुढं आणि बँजो मागं राहायला लागला. मिशाळ गृहस्थ खिडकीशी येऊन म्हणाले, "गाडी घ्या की पुढं."

मी म्हटलं, "ड्रायव्हर ढोल वाजवतोय."

"मग दुसरा कोण हाय?"

मी मागं काचेतून पाहिलं. बाबांची पाठ माझ्याकडे होती. डोळे नक्कीच मिटलेले असणार, वाजवताना ते मिटायचेच. मी वही बाजूला ठेवली आणि सरकून स्टिअरिंगमागं बसले.

मांडवापर्यंतचा रस्ता चढाचा होता. मिरवणुकीतली गाडी चालवणं म्हणजे गाडी न चालवणं. पहिला गिअर, पाय क्लचवर, दोन हात पुढं जायचं आणि थांबायचं. पुढं नाचणारी पोरं उलट्या पावलांनी बॉनेटला येऊन टेकायची. एक आजोबा तर माझ्या समोरच फुगडीला उभे राहिले. चढावर गाडी तसूभर मागं आली असती तर मागून चालणाऱ्या बायकांच्या पायावर गेली असती. त्या सगळ्यात मी एकच गोष्ट मनात धरली होती, की आमटी सांडता कामा नये. मधेच रस्ता थोडा सपाट झाला तिथं मी दुसरा गिअर टाकला आणि तो आपोआप बाहेर आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी तो हातानं दाबून धरला. आरशात पाहिलं तर आय काचेतून माझ्याकडेच बघत होती. तिनं फक्त पातेल्याचा एक कान घट्ट धरला.

मांडवापाशी पोचलो. बाबांनी शेवटचा सूर लांबवला, डोळे उघडले, तर गळ्यात ढोल घेतलेला बाळू पुढून येऊन हौद्यापाशी उभा.

"बाळ्या, तू हितं?"

"मी हितंच हाय कवाधरनं."

"मग गाडी कोण चालवतंय?"

मी दार उघडून खाली उतरले. आता काय होणार, हे मला ठाऊक होतं. कणगीमागची पिशवी, तीन महिन्यांच्या फाइली, सगळं बाहेर येणार होतं. हिराआत्या ताशाच्या काड्या हातात धरून थिजली होती. आय म्हणाली, "मला ठावं व्हतं. कॉम्प्युटरच्या क्लासातनं येणाऱ्या पोरीच्या ओढणीला ग्रीस कसं लागतं?"

बाबा हौद्यातून सावकाश उतरले. गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "क्लच कसा हाय?"

मी म्हटलं, "क्लच चांगलाय. चढावर मागं येत नाय. पण दुसरा गिअर राहत नाय, बाबा. हातानं धरावा लागतो."

"बाळ्यानं नाय सांगितलं ते."

बाळू म्हणाला, "मला वाटलं सगळ्याच गाड्यांत धरतात."

तेवढ्यात त्या लग्नाची खरी बँजो पार्टी येऊन पोचली, बैलगाडीतून, त्यांचा टेम्पो कुठंतरी वाटेत बंद पडला होता. त्यांच्या म्होरक्याचा चेहरा पाहून बाबांनी लगेच आपला बँजो पिशवीत घातला आणि त्याला मांडवात स्वतः नेऊन बसवलं. असला दिवस त्यांनी भोगलेला होता. आम्ही निघायच्या वेळेला पातेलं सापडेना. आचाऱ्यानं ते उतरवून आमटी पंगतीत वाढून टाकली होती, आणि नवऱ्याकडची माणसं वाढप्याला सांगत होती, बाकी राहू दे, ती वालाची परत आण. आयनं रिकामं पातेलं कमरेवर घेतलं. किती बोटं उतरली ते आता कुणालाच कळणार नव्हतं. पण तिनं मला सांगितलं, "थेंब नाय सांडला," आणि वहीत लिहून घे म्हणाली.

मुरबाडला परतताना गाडी बाळूनंच चालवली. बाबांना ती गाडी हवी होती. आवाज खणखणीत, वास भाताचा, आमटी स्थिर, सामान चढवून झालेलं, सुपारी आठ दिवसांवर. तिच्या विरोधात एक मी, तेही सकाळपर्यंत फाइल उघडणारी. आवारात भास्करशेठ हसत सामोरा आला. "काय मास्तर, पसंत?"

बाबांनी जाता जाता दारावर एकदा टकटक केली. खणखण आवाज आला. त्यांना तो सोडवत नव्हता, हे मला दिसत होतं. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, "तिला विचारा."

भास्करशेठनं आजूबाजूला पाहिलं, कुणाला ते त्याला कळेना. मी दुसऱ्या गिअरचं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ती गाडीची सवय असते." मी म्हटलं, "उतारावर सवय महागात पडेल." बाबांनी बाळूची मोटारसायकल मागून घेतली, आणि स्पीकर, ढोल नि जनरेटर घरी नेण्यासाठी एका भाताच्या ट्रकला हात केला. त्या ट्रकात पोत्यांवर बसून येताना हिराआत्या सगळी वाट माझ्याकडे पाठ करून बसली. पांढऱ्या गाडीवर तिचा जीव बसला होता.

चार दिवसांनी शहापुरातच एका रोपवाटिकेची निळी पिकअप मिळाली. आवाज बसका. वास शेणखताचा, तो पुढं दोन वर्षं गेला नाही, आणि आत्या प्रवासात नाकाला लवंग लावून बसायची. आयच्या परीक्षेत आमटी दोन बोटं उतरली. पण मी ती खर्डीपर्यंत नेली आणि आणली, चढावर थांबवली, उतारावर सोडली, आणि सगळे गिअर जागच्या जागी राहिले. मी बाबांना म्हटलं, ही घ्या. त्यांनी घेतली.

पहिली सुपारी खर्डीच्या बाजूला, भाताची कापणी झालेल्या शेतातून आत गेलेल्या एका गावात. मीच गाडी नेली. वेळेआधी पोचलो, एवढ्या आधी की मांडवाचे खांबही उभे नव्हते. बाबा इतके खूश की त्यांनी खांब रोवायला मदत केली. वाजवून झाल्यावर वाजंत्र्यांची पंगत बसली. मी बाळूच्या शेजारी पत्रावळ घेऊन बसले. वाढपी दोनदा आला आणि दोनदा मला ओलांडून पुढं गेला. तिसऱ्यांदा थांबून म्हणाला, "ताई, बायकांची पंगत मागाहून." आणि मग पंगतीकडे बघत मोठ्यानं विचारलं, "गाडीचा ड्रायव्हर कुठाय? त्याला आधी वाढायचंय, मालकांनी सांगितलंय."

सातही माणसांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. बाबांचं तोंड भरलेलं होतं, त्यांनीही दाखवलं.

वाढप्यानं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या जिलब्यांच्या परातीकडे पाहिलं. त्याच्या मनात काहीतरी हिशोब चालला होता. मग तो खाली वाकला आणि म्हणाला, "ड्रायव्हरला चार द्यायच्यात." त्यानं मोजून चार जिलब्या वाढल्या. बाळूच्या पानात दोनच होत्या. तो माझ्या पानाकडे बघत म्हणाला, "रंजे, तुला ढोल शिकवू का? तू ढोल वाजव, गाडी मी चालवतो." मी पान जरासं पलीकडे सरकवलं आणि जेवायला सुरुवात केली.